बुवांचा ठेका

“बाबा, लय कमी करा,” मुलगी गाता गाता मान वळवून पुटपुटली.

बुवांनी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि तबल्याची लय आणखी वाढवली. मुलीची तान अर्ध्यावर होती, तोवर त्यांनी तुकडा वाजवून समेवर थाप मारलीसुद्धा. पुढच्या रांगेतून कुणीतरी “वा!” म्हणालं. तशी मुलगी गायची थांबली, हात लांब करून तिनं तबल्यावर तळहात ठेवला आणि श्रोत्यांना म्हणाली, “मध्यंतर घेऊ या.”

एका काखेत तबला, दुसऱ्या काखेत डग्गा मारून बुवा आतल्या खोलीत आले ते पेटलेलेच.

एके काळी हा माणूस स्वतःच वाजवायचा आणि स्वतःच गायचा. मागे तानपुरा धरायला बायको, बस्स. “बुवांना बोलावलं की एका जेवणात दोन कलावंत,” असं आयोजक हसत म्हणायचे. गाणं म्हणजे नुसता सपाटा. गाणाऱ्याला दम खायची फुरसत नाही, ऐकणाऱ्यालाही नाही. मग घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेनं जीव वाचला, आवाज गेला. बोलायला जावं तर घशातून वारा आणि मोडकेतोडके शब्द यायचे. हात शाबूत होते, म्हणून ते मुलीच्या साथीला बसू लागले. शिकवलेली त्यांनीच होती. पण ती गायची संथ, एकेका स्वरावर बिऱ्हाड थाटल्यासारखी. आणि तिनं जरा कुठं जागा सोडली की बुवा ती तबल्यानं भरून टाकत.

“चार लोकांत मला थांबवलंस?” त्यांच्या घशातून घरघर आली. पुढचे शब्द ओढून काढायला त्यांनी टेबलावर मूठ आपटली. “तुला गायला शिकवलं कुणी?”

“तुम्हीच. पण गाऊ कुठं देताय?” मुलगीही तापली होती. “मी श्वास घेतला की तुम्ही तुटून पडता. बाबा, तुमचा गळा मी नाही काढून नेला!”

बुवांचा हात उठला. तो वरच्या वर थांबला बायकोच्या आवाजानं. ती कोपऱ्यात बसून तानपुरा जुळवत होती. मानही वर न करता बोलली.

“मारा की. तेवढंच राहिलंय. अहो, तुमचा आवाज गेला म्हणून घरातल्या सगळ्यांनी मुकं व्हायचं का? जन्मभर तुमच्या मागे बसले मी. मलाही गाता येत होतं. विचारलंत कधी?”

बुवांनी उगारलेला हात खाली घेतला आणि तबला जवळ ओढला.

“दुसऱ्या भागात तबला नको,” मुलगी म्हणाली. “आई आणि मी. आई माझ्याबरोबर गाणार आहे.”

“ही?” बुवा कसंबसं म्हणाले.

“हो, हीच,” बायको म्हणाली आणि तानपुरा उचलून चालू लागली.

बुवा पडद्याआड उभे राहिले, दोघींच्या चुकण्याची वाट बघत. ठेक्याशिवाय पोरगी भरकटणार. आणि हिचा तर इतक्या वर्षांनी सूरसुद्धा लागायचा नाही. बरी अद्दल घडेल.

मुलगी एका स्वरावर थांबली. थांबूनच राहिली. बुवांची बोटं शिवशिवली. मग त्या स्वराच्या खालून बायकोचा आवाज आला, जरासा कापरा, पण नेमका. कुणी “वा” म्हणालं नाही. कुणी खोकलंही नाही.

जबडा आवळून बुवा कान लावून होते. चूक काही सापडेना, आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त संताप आला. वाटलं, दार धाडकन आपटून निघून जावं.

ते खोलीत परतले, खाली बसले आणि तबला पिशवीत ठेवला. बाहेर गाणं चालू होतं. पिशवीच्या चेनचा आवाज होईल म्हणून ते ती एकेक दात, अगदी हळू, लावू लागले.