दुसऱ्या खेळाडूचं मत

रविवारी सकाळी नऊ वाजता, धुण्याभांड्याची कामं तशीच टाकून, ती दोघं नवराबायको टीव्हीसमोर गेम खेळायला बसायची. हसू येत असेल तर खुशाल हसा, त्यांना सवय होती. तो अठ्ठावन्नचा, ती चोपन्नची. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. पहिला कंट्रोलर तिचा, दुसरा त्याचा. ह्यात काही शास्त्र नव्हतं. गेमचं मशीन पहिल्यांदा घरात आलं तेव्हा तो वायरी जोडत बसला होता आणि तिने हाताला लागला तो कंट्रोलर उचलला, एवढंच. तेव्हापासून अठरा वर्षं तो दुसरा खेळाडू.

खेळून झालं की मत लिहायचं. छोट्या गेम्सबद्दल लिहिणारी एक साइट होती, तिच्यावर दर बुधवारी ह्यांचं सदर यायचं. मोठ्या कंपन्यांच्या गेम्सकडे ही दोघं ढुंकून बघायची नाहीत. कुणीतरी घरी बसून एकट्यादुकट्याने बनवलेले, जुन्या नाणं टाकायच्या मशीनसारखे, पाच मिनिटांत मारणारे आणि तरी 'आणखी एकदाच' म्हणायला लावणारे गेम ह्यांना आवडायचे. आणि तेही फक्त दोघांनी मिळून खेळायचे. खाली दोन मतं, एक तिचं आणि एक त्याचं. वाचकांनी तिचं नाव ठेवलं मवाळ, त्याचं जहाल. मवाळबाई प्रत्येक गेममध्ये काहीतरी बरं शोधून काढायच्या. जहालच्या जिभेला मात्र हाड नव्हतं.

बेडकांच्या एका गेमबद्दल त्याने लिहिलं होतं, 'हा बेडूक उडी मारतो की अर्ज करतो? बटण दाबल्यावर मंजुरी येईपर्यंत साप गिळून मोकळा होतो.' अंतराळयानाच्या गेमबद्दल लिहिलं होतं, 'रंगांचा असा चिखल करून ठेवलाय की मी मेलो हे मला बायकोने सांगितलं.' दोन हमाल मिळून कपाट उचलतात, त्या गेमबद्दल म्हणाला होता, 'तिसऱ्या मजल्यावर आमचं खरंखुरं भांडण झालं. चालेल.' हे 'चालेल' म्हणजे त्याच्याकडचं सगळ्यात मोठं बक्षीस. 'छान' हा शब्द त्याने अठरा वर्षांत गेमबद्दल लिहिला नाही. बायकोच्या नव्या साडीला म्हणाला असेल एकदा, तेही तिने तीनदा विचारल्यावर.

पण गेम बनवणारी पोरं त्याच्याच मतासाठी जीव टाकायची. कारण बाकीचे लोक वरवर चाखून लिहायचे, हा मात्र प्रत्येक भिंतीला डोकं आपटून बघायचा. लिफ्टवाल्याची सवय. 'बटण दाबलं की माणसाला कळलं पाहिजे की आपलं ऐकलं गेलंय,' हे त्याचं तत्त्वज्ञान, आणि ते लिफ्टला, गेमला आणि बायकोला सारखंच लागू होतं. तिचं ऐकलं नाही तर तीच त्याला हे वाक्य ऐकवायची.

अडीच महिन्यांपूर्वी एका मंगळवारी तो कामावर असताना जिन्यात खाली बसला. डोक्यात रक्तस्राव झाला होता. अकरा दिवस दवाखान्यात पडून होता, डोळे मिटलेले, आणि बाराव्या दिवशी गेला.

घरी माणसं आली. नणंद गळ्यात पडून रडली, म्हणाली, "वहिनी, दादा म्हणजे देवमाणूस गं! कुणाला कधी वाकडा शब्द बोलला नाही."

तिच्या अगदी ओठावर आलं होतं, देवमाणूस कसला? ह्याच तुझ्या दादाने तुझ्या नवऱ्याचं गाणं भर कार्यक्रमात थांबवलं होतं, आणि त्यावरून सहा महिने तू ह्या घराची पायरी चढली नव्हतीस! शेजारचे, कामावरचे, सगळे तेच म्हणत होते. शांत होता, प्रेमळ होता. तिला मनातून भयंकर संताप आला. माणूस जाऊन चार दिवस झाले नाहीत तर ह्या लोकांनी त्याला इतकं घासूनपुसून ठेवलं की तिलासुद्धा ओळखू येईना.

आणि मग तिने स्वतः काय केलं, ते ऐका.

साइट चालवणाऱ्या माणसाला तिने काहीच कळवलं नाही. त्याच्याशी ओळख होती ती फक्त मेलवरची. त्याने नेहमीप्रमाणे पुढचे गेम पाठवले, आणि रविवारी सकाळी नऊला ती आपल्या जागेवर जाऊन बसली. दुसरा कंट्रोलर शेजारी ठेवला. पडद्यावरचा स्वतःचा माणूस थोडा पुढे न्यायचा, मग तो कंट्रोलर उचलून त्याचा माणूस थोडा पुढे न्यायचा. असं करत करत कसाबसा गेम संपवला. तिचं मत लिहून झालं. खाली 'जहाल' असं लिहिलं आणि तिला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. तेवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. सबंध आठवड्यात ह्या एका जागी तो अजून बोलत होता, ती जागा बंद करायची म्हणजे आपल्या हाताने त्याचं तोंड दाबायचं. तिच्याने ते होईना.

तिने त्याच्या नावावर लिहिलं, 'गेम मनापासून बनवलाय. छान.'

असे सात बुधवार गेले. सातही वेळा जहाल गोड बोलला. लोक खाली थट्टा करायचे, 'जहालना काय झालं? वहिनींनी दम दिला वाटतं!' ती वाचून हसायची. त्या थट्टेत तो जिवंत होता ना. दुकानात काच अर्ध्या केसाने जाड राहिली तर परत घासायला घेणारी ही बाई, पण आपण काय घासून टाकतोय हे काही तिच्या लक्षात आलं नाही.

आठव्या आठवड्यात एका मुलीची मेल आली. खाली फोन नंबर होता.

ही मुलगी त्यांना माहीत होती. वर्षापूर्वी तिने एक गेम पाठवला होता. उंच इमारत, दोन रंगारी, लिफ्टने वर जात जात मजले रंगवायचे. जहालने तिची पार सालपटं काढली होती. 'ही लिफ्ट आहे की फुगा? लिफ्टला वजन असतं, ती थांबताना एक गचका देते. बाईंनी आयुष्यात लिफ्ट वापरलेली दिसत नाही. जिने चढत असतील तर कौतुक आहे.' मुलीने वर्षभर राबून सगळा गेम पुन्हा बनवला होता, लिफ्ट तर चार वेळा. नवा गेम सहाव्या बुधवारी सदरात आला. त्यावर जहालचं मत होतं, 'सुंदर रंग. छान.'

मुलीने लिहिलं होतं: 'काका, तुमचं मत वाचून मी त्याच दिवशी गेम विकायला काढला. तुम्ही पास केलं म्हणजे मला आणखी कुणाला विचारायची गरज नव्हती. आता लोक शिव्या देऊन परत करताहेत. चौथ्या मजल्यावर दुसऱ्या खेळाडूसाठी लिफ्टचं दारच उघडत नाही. पहिला वर निघून जातो, दुसरा खाली राहतो. खेळला असतात तर तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत दिसलं असतं. तुम्ही खेळलाच नाहीत ना? मला शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. तुम्ही असं का केलंत?'

तिला आठवलं. चौथ्या मजल्यावर दुसरा रंगारी खाली राहिला होता खरा. तिला वाटलं, आपल्यालाच दोन कंट्रोलर सांभाळता येत नाहीत. राहू दे त्याला तिथे, असं म्हणून ती एकटीच वर गेली होती.

रविवारची वाट न बघता तिने मशीन चालू केलं. ह्या वेळी पहिला कंट्रोलर खाली ठेवला आणि सोफ्याच्या उजव्या बाजूला, त्याच्या जागी बसून दुसरा हातात घेतला. बटणांवर त्याच्या अंगठ्याने झिजून गुळगुळीत खड्डे पडले होते. चौथ्या मजल्यावर तिने दार उघडायचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. वीस वेळा दाबलं. दार ढिम्म हललं नाही.

मग ती ठरवून बसली. आज जहालचं खरं मत लिहायचं, तो बोलला असता तसंच. लिहिलं, 'लिफ्टचं दार उघडत नाही.' छे, हे तर कुणीही म्हणेल. तो काय म्हणाला असता? आधी हसला असता का? की कंट्रोलर आपटून पाणी प्यायला उठला असता? 'बाई,' अशी सुरुवात केली असती की 'वा वा' करून टोमणा मारला असता? तिने लिहिलं, खोडलं. जुनी मतं काढून वाचली. त्यात तो होता, पण ह्या दारावर त्यातला एक शब्द बसत नव्हता. अठरा वर्षं ज्याच्या तोंडाच्या पट्ट्याने जीव मेटाकुटीला यायचा, त्याची एक साधी शिवी तिला सुचेना. तिने सात आठवडे त्याला गोड बोलायला लावलं होतं, आता कानात तेवढंच उरलं होतं. त्याच्या जागेवर बसून ती हमसाहमशी रडली. दवाखान्यातसुद्धा ती अशी रडली नव्हती.

तोंड धुऊन तिने मुलीला फोन लावला आणि 'मी मवाळ बोलतेय' म्हणाली.

"काकू? मवाळ काकू? अय्या, तुम्ही फोन केलात!" मुलगी गडबडली. "मी जास्त बोलले का मेलमध्ये? काका चिडलेत का? द्या त्यांना फोन. रागावले तरी चालेल, खरंच."

"ते नाहीत गं."

"बाहेर गेलेत? मी नंतर करू?"

"गेले," ती म्हणाली. "वारले. दोन महिने झाले."

मुलीने हळूच विचारलं, "मग 'छान' कुणी लिहिलं?"

"मी."

"तुम्ही?"

"माझं चुकलं, बाळा," ती म्हणाली. "तुझं नुकसान केलं मी. त्यांनी असलं काही कधी लिहिलं नसतं. मी एकटीच खेळत होते. त्यांचा माणूस खाली राहिला तो मला दिसला, पण मी पुढे गेले. पण तुला तरी कसं दिसलं नाही? वर्षभर तूच बनवत होतीस ना? दोघांनी खेळून बघितलं असशील की नाही?"

"माझ्याकडे कोण आहे दुसरं?" मुलगी म्हणाली. तिचा आवाज फुटला. "मी पण एकटीच बघायचे. एका हातात एक कंट्रोलर, दुसऱ्या हातात दुसरा. दुसरा रंगारी मागे राहिला की वाटायचं, माझाच हात पुरत नाही. मला वाटलं, काका बघतील. त्यांना कळेल."

"हो," ती म्हणाली. "त्यांना कळलं असतं." मग मुलगी म्हणाली की ती दार दुरुस्त करते, आणि फोन ठेवला.

त्या बुधवारी सदर आलं ते असं:

'जहाल वारले. त्याला दोन महिने झाले. मागच्या सात आठवड्यांची त्यांची मतं मी लिहिली. ती खोटी आहेत, ती त्यांची समजू नका. ते कुणाला छान म्हणत नसत. रंगाऱ्यांच्या गेममध्ये चौथ्या मजल्यावर दुसऱ्या खेळाडूला लिफ्ट घेत नाही. एकट्या माणसाला हा दोष दिसणार नाही. दोष गेमचा कमी आणि माझा जास्त आहे. मुलीने लिफ्ट उत्तम केली आहे. थांबताना गचका देते. एवढं त्यांनी मान्य केलं असतं, असं वाटतं. खात्रीने सांगता येत नाही.'

हे लिहून झाल्यावर तिने नेहमीच्या सवयीने खाली 'मवाळ' असं लिहिलं होतं, स्वतःच्या मतासाठी. त्याखाली एकच ओळ लिहिली आणि पाठवून दिली.

'मला एकटीला खेळता येत नाही.'