एकवीस खेपा

किल्ली मिळाली तर सायरागुलला काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेतो. जूनमध्ये आमच्या गावातली एकोणीस कुटुंबं वरच्या कुरणांवर जातात. त्यांचे तंबू, चुली, दुधाचे कॅन आणि म्हाताऱ्या माणसांना वर पोचवायचं. घरटी एक कोकरू. कंजूष घर असेल तर कोकराऐवजी सुक्या दह्याच्या गोळ्यांचं पोतं, आणि वर ऐकवणं की यंदा दही काय झकास झालंय. ऑगस्टमध्ये गवत, ऑक्टोबरात कोळसा. सगळी बेरीज केली की खाली एकच आकडा उरत होता: तिला रशियाला जावं लागणार नव्हतं.

न मिळाली तर जावं लागणार होतं. नवरा, मिरलान, दोन वर्षांपूर्वीच तिकडे गेला होता. तो रस्त्यांवरचा बर्फ उपसायचा, आणि एका खानावळीत भांडी घासायला बाई हवी आहे असं त्यानं कळवलं होतं. दोन मुलं सासूकडे ठेवायची. मोठा नऊ वर्षांचा, धाकटी पाच.

किल्ली गावच्या डंपरची. गाडी गावसमितीची, वयानं सायरागुलएवढीच, म्हणजे सदतीस. मिरलान अकरा वर्षं ती चालवायचा आणि मागे बघायला वेगळा माणूस ठेवायला नको म्हणून बायकोला आत बसवायचा. तो मान बाहेर काढून मागे बघे, दांड्या ती ओढी. त्यामुळे गाडी चालवायची कोणी हे कागदावर लिहिलेलं असलं, तरी गाडीला कोण माहीत होतं हे वेगळं.

मे महिन्यात वरच्या कालव्याला भगदाड पडलं. आमच्याकडे असं झालं की सगळं गाव आपापली फावडी घेऊन फुकट राबतं, पण भगदाड असं होतं की त्यात फावड्यांनी नुसता खेळ झाला असता. नदीपात्रातले गोटे आणून ओतायला हवे होते. खालची तीन गावं पाण्याची वाट बघत होती. वरचा दरवाजा ठरल्या दिवशी उघडणार होता आणि पाणी साडेपाचला भगदाडापाशी पोचणार होतं.

पंचांत बोलणं झालं. कासिमाली अता, वय एकाहत्तर, गावचे सर्वांत थोर अक्साकल, म्हणजे मान्यवर बुजुर्ग, पांढऱ्या टोपीखालून म्हणाले, ‘‘सव्वाशे टन गोटे लागतील. सात टनांच्या अठरा खेपा. पाणी यायच्या आत जो टाकेल त्याच्याकडे उन्हाळाभर किल्ली.’’

त्यांचा पुतण्या तिलेक, परवाना असलेला, काळा चष्मा असलेला, हसला. ‘‘अता, मी दुपारी जेवून येईन. अठरा खेपा म्हणजे काय मोठं?’’

‘‘मी सकाळी सातला निघते,’’ सायरागुल म्हणाली. ‘‘तुझं जेवण होईपर्यंत दहा होतील.’’

‘‘केलिन,’’ अता म्हणाले (गावची सून म्हणून तिला सगळे केलिनच म्हणायचे), ‘‘तू बसणार? तुझे पाय तरी पोचतात का?’’

‘‘मिरलानचे बूट घालून पोचतात.’’

मी पाण्याच्या पाळ्यांची वही लिहितो, म्हणून मोजदाद माझ्याकडे आली. अट लिहिली, खाली दोघांच्या सह्या. सात वाजता ती पुढे आली, तिलेक अजून उठलेला नव्हता, म्हणून पहिली पाळी तिची लागली.

डंपर हौदा कसा उचलतो हे एकदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गाडी थांबली की इंजिन रिकामं घुरघुरत असतं. गिअरबॉक्सच्या कुशीला एक लहान पेटी बसवलेली असते, तिला पीटीओ म्हणतात. काळ्या मुठीची दांडी ओढली की पेटीतलं छोटं चक्र सरकून आतल्या फिरत्या चक्राच्या दातांत दात घालतं, आणि इंजिनाची ताकद चाकांऐवजी तेलाच्या पंपाकडे वळते. पंप तेल दाबतो, तेल हौद्याखालचा दांडा उचलतं. लाल मुठीची दांडी तेलाला वाट दाखवते: वर, थांब, खाली. त्यात एकच शिस्त असते. हँडब्रेक लावायचा, गिअर मोकळा करायचा, क्लच पूर्ण दाबायचा आणि पाच मोजायचे, कारण आतली चक्रं थांबेपर्यंत दात दातांत बसत नाहीत. मग काळी दांडी शेवटपर्यंत ओढायची, क्लच हळू सोडायचा, आणि हौदा रिकामा झाला की निघण्याआधी दांडी परत जागेवर. अर्ध्यावर दांडी म्हणजे आत दात दातांना खातात.

सायरागुल हे सगळं ओठ न हलवता करत होती. दर अर्ध्या तासाला एक खेप. बारा वाजता माझ्या वहीत दहा रेघा होत्या, सत्तर टन. तिलेक अकराव्या खेपेला आला, चष्म्यासकट, आणि मोठ्या बहिणीला हाक मारावी तशी हाक मारून म्हणाला, ‘‘एजे, थकलीस का? दे मी चालवतो.’’

‘‘तू सावलीत बैस. चष्मा तापेल.’’

अकरावी खेप. गाडी भगदाडाच्या काठाला लागली. तिनं क्लच दाबला, पाच मोजले, काळी दांडी अर्धी ओढली, आणि नेमक्या त्याच वेळी बायका गरम बोर्सोक, म्हणजे तळलेल्या छोट्या भाकऱ्या, आणि चहा घेऊन आल्या. भाकरी आली म्हणजे अक्साकलांनी आशीर्वाद द्यायचा, हे आमच्याकडे ठरलेलं. अतांनी तळहात वर केले. सगळ्या गावानं तळहात वर केले. फावडी खाली पडली.

सून म्हणून सायरागुलनं काय करायचं? तिनंही दोन्ही हात दांडीवरून काढून पुढे धरले.

अतांचा आशीर्वाद लहान कधीच नसतो. आधी कालव्याला दिला. मग पाण्याला. मग गोट्यांना, ते नदीतून आले त्या नदीला, आपल्या सात पिढ्यांना, गाडीच्या इंजिनाला, चाकांना, बाराव्या खेपेला, तेराव्या खेपेला. सायरागुलचा डावा पाय क्लचवर. मिरलानचे बूट दोन बोटं मोठे. चाकांना आशीर्वाद मिळेपर्यंत पाय थरथरायला लागला होता, आणि तेवढ्यात दांडी हळूच अर्ध्यावरून पाव भागावर परत सरकली होती. तेराव्या खेपेपाशी बूट घसरला.

कर्र्र असा आवाज आला आणि घोड्यांनी कान टवकारले.

‘‘ओमिन,’’ अता म्हणाले, म्हणजे आशीर्वाद संपला, आणि सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.

तिनं पुन्हा नीट क्लच दाबला, दांडी पूर्ण ओढली, क्लच हळू सोडला. हौदा हातभर उचलला गेला आणि काळी दांडी आपोआप उडून मागे गेली. पंप गप्प. हौदा तसाच अडकला, सात टन गोटे आत.

‘‘गेली गाडी!’’ तिलेक म्हणाला. आवाजात दुःख होतं, पण फार नाही.

सायरागुलनं इंजिन बंद केलं आणि गाडीखाली शिरली. गिअरबॉक्सच्या तळाचं बूच उघडलं, तेल दुधाच्या कॅनमध्ये धरलं. बुचाच्या चुंबकाला नखाएवढा तुकडा चिकटला होता.

‘‘एका दाताचा कोपरा,’’ ती बाहेर येऊन म्हणाली. ‘‘बाकी दात आहेत. दांडी दाबून धरली तर चालेल, पण ओझं कमी करावं लागेल. पाच टन.’’

‘‘दोरीनं बांध,’’ कुणीतरी म्हणालं.

बूच लावलं, तेल परत भरलं आणि दांडी बांधून बघितली. इंजिनाच्या थरथरण्यानं दोरी सैल पडली. दांडीला माणसाचा हात हवा होता, आणि दांडी निसटायला लागली की त्याच क्षणी आरडाओरड करणारं तोंड हवं होतं. तिचा एक हात लाल दांडीवर, पाय ॲक्सिलरेटरच्या पेडलवर.

तिलेक पुढे झाला. ‘‘मी धरतो.’’

सायरागुलनं त्याच्याकडे नीट बघितलं. मनातल्या मनात हिशोब करायला तिला वही लागत नाही. दांडी निसटली की किल्ली कोणाकडे जाणार, हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही. ‘‘नको,’’ ती म्हणाली, आणि म्हाताऱ्याकडे वळली. ‘‘अता, तुम्ही चढा.’’

‘‘मी?’’

‘‘माझा हात तुमच्या आशीर्वादानं निघाला. आता तुमचा हात तिथे ठेवायचा. ओमिन म्हटलं तरी सोडायचा नाही.’’

बायका खाली बघून हसल्या. अतांचा चेहरा टोपीएवढा पांढरा झाला, मग तांबडा, मग ते म्हणाले, ‘‘पायरी उंच आहे, कुणीतरी ढकला.’’

गावानं दोन टन गोटे फावड्यांनी खाली ओतले. उरलेले पाच टन अतांच्या हाताखाली हौद्यानं सरळ ओतले. एक वाजला होता. माझी वही सांगत होती: सत्याहत्तर टन झाले, एकोणपन्नास उरले. पाच टनांच्या दहा खेपा, साडेचार तास, दर खेपेला सत्तावीस मिनिटं. सकाळी तीस लागत होती. मी तिला आकडा दाखवला.

‘‘ओझं कमी, भरायला वेळ कमी, चढ सोपा,’’ ती म्हणाली. ‘‘आणि चहा बंद.’’

‘‘चहा का बंद?’’ अतांनी केबिनमधून विचारलं.

‘‘कारण चहाबरोबर आशीर्वाद येतो.’’

दहाही खेपांना रस्त्यात जुनं कबरस्तान लागायचं, आणि अता दरवेळी तळहात वर करून तोंडावरून फिरवायचे. गाडी चालत असताना काळी दांडी जागेवर असायची, म्हणून सायरागुल काही बोलली नाही. पण काठाला लागलं की म्हणायची, ‘‘हात,’’ आणि म्हातारा दोन्ही हातांनी मूठ पकडायचा, दाढी दांडीला लागेपर्यंत वाकून. या दहांतल्या सहाव्या खेपेला त्यांचा खांदा गेला. सातव्याला त्यांनी पाय पुढच्या पत्र्याला लावून जोर दिला. ‘‘केलिन, मिरलान हे काम रोज करायचा?’’

‘‘दांडी निसटत नव्हती तेव्हा हे काम नव्हतं, अता.’’

विसावी खेप पाच वाजता पडली. एकविसावी भरून आली तेव्हा कालव्यावर, वरच्या वळणाला, फेसाचा तपकिरी पट्टा दिसायला लागला होता. पाच वाजून सव्वीस मिनिटं.

हौदा अर्धा वर गेला आणि अता ओरडले, ‘‘निसटतेय!’’ सायरागुलनं क्षणात पाय पेडलवरून काढला, लाल दांडी ‘थांब’वर टाकली. दात एकमेकांतून सुटले होते, पण तुटले नव्हते. हौदा मध्येच लटकत राहिला.

‘‘लगेच परत ओढ!’’ तिलेक ओरडला. ‘‘पाणी आलं!’’ सगळं गाव ओरडायला लागलं. एवढ्या गडबडीत मला फक्त तिचे ओठ दिसत होते. तिनं क्लच पूर्ण दाबला. एक. फेसाचा पट्टा जवळ आला. दोन. कुणीतरी रडायला लागलं. तीन. ‘‘आता!’’ अता म्हणाले. चार. तिचा हात अतांच्या हातांवर होता आणि त्या तीन हातांपैकी एकही हलला नाही. पाच.

दांडी शेवटपर्यंत गेली. दात बसले. क्लच हळू सुटला, पंप कण्हला, आणि पाच टन गोटे भगदाडाच्या शेवटच्या तोंडात धडाधड गेले. गावाची फावडी त्यांच्यामागे तुटून पडली. पाणी आलं, गोट्यांना धडकलं, मागे हटलं, मग शहाण्यासारखं कालव्यातून पुढे गेलं. मी वेळ लिहिली: पाच एकतीस.

संध्याकाळी समितीत तिलेकनं चष्मा काढून ठेवला. ‘‘एकशे सत्तावीस टन टाकले, मान्य. पण गाडी मोडली. मोडणाऱ्याला किल्ली द्यायची?’’

सगळ्यांनी अतांकडे बघितलं. त्यांचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. अक्साकलाचा आशीर्वाद चुकला असं त्यांनी भर सभेत म्हणावं, हे आमच्या गावात कधी झालं नव्हतं, आणि त्या दिवशीही झालं नाही.

‘‘आशीर्वाद बरोबर होता,’’ ते म्हणाले. ‘‘लांब होता. दात माझ्या लांबीनं तुटला. नवं चक्र मी आणतो. किल्ली तिला.’’

तिलेकनं तोंड उघडलं. ‘‘आणि तू,’’ अता म्हणाले, ‘‘कोचकोरच्या बाजारात माझ्याबरोबर येशील. चक्रासाठी मेंढा विकायचाय, आणि तो मागे धरून बसायला माझा एकच हात चालतोय.’’

नव्या चक्राचा भाव एक मेंढा ठरला. हिशोब असा. मेंढा कासिमाली अतांनी दिला. तीन जादा खेपांचं डिझेल गावानं दिलं. गिअरबॉक्सच्या तेलासाठी तिलेकच्या आईनं दुधाचा कॅन दिला, जो परत दुधाच्या लायकीचा राहिला नाही. तिलेकनं एक उन्हाळा दिला. रशियातल्या खानावळीला भांडी घासायला दुसरी बाई शोधावी लागली. आणि सायरागुलनं दोन्ही तळहातांची साल दिली, जी जूनच्या पहिल्या आठवड्यात, एकोणिसावं कुटुंब वर पोचवेपर्यंत, पुरती आली नव्हती.