गोठ्यासाठी मागितलेला खडक

मी एक खडक बोलतो आहे. सन दोन हजार तीन, सप्टेंबर महिना, पावसाळा सरत आलेला. माझ्या आयुष्याची उलथापालथ तेव्हा झाली, म्हणून कथनाचा आरंभ तेथूनच करतो.

खडक म्हणजे निर्जीव, असे समजू नये. दक्षिणेच्या उथळ समुद्रात असंख्य सूक्ष्म जीवांनी आपल्या चुनखडी देहांचे थर रचून मला घडवले. माझ्या छिद्राछिद्रांत किडे, शेवाळ, इवल्या गोगलगायी यांची वस्ती असते आणि ती वस्तीच भोवतालचे पाणी शुद्ध राखते. म्हणून शौकीन मंडळी मला ‘जिवंत खडक’ म्हणतात. वसईच्या एका वाडीतील गॉडफ्रे यांनी मला मुंबईहून आणून खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत बसवले. ते जहाजावर नोकरीस. त्यांच्या मागे माझी निगा त्यांच्या पत्नी शॅनन राखीत आणि घराची सत्ता मातोश्री सालोमीबाई चालवीत.

त्या महिन्यात सासू-सुना दक्षिणेतील वेलंकणी मातेच्या यात्रेस निघाल्या. शॅनन रिक्षात बॅगा ठेवीत होत्या. सालोमीबाईंनी नळ तपासले, गॅस तपासला आणि जन्मभराच्या शिस्तीप्रमाणे विजेचा मेन स्विच खाली ओढला. माझ्या पाण्यात हवा सोडणारा पंप थांबला.

नऊ दिवस! दोन नारिंगी मासे वर येऊन तोंडे उघडीत राहिले. तिसऱ्या दिवशी तेही थांबले. पुढे माझी वस्ती एकेका छिद्रातून विझत गेली. मला ना हलता येत होते, ना हाक मारता.

परतल्यावर सालोमीबाई आधी आत शिरल्या. वास येताच थबकल्या आणि गुपचूप स्विच वर केला. मागून आलेल्या सुनेला म्हणाल्या, “लाईट गेली असेल गं बरेच दिवस.”

फोनवर गॉडफ्रे संतापले. “शेजारी चावी ठेवायला काय झालं होतं तुला?” हे मला पेटीतूनही ऐकू आले. शॅनन रडल्या. सालोमीबाई तांदूळ निवडत होत्या; त्यांनी मान वर केली नाही.

ऑक्टोबरात आग्नेल आले. वाडीतील नाताळचा गोठा, म्हणजे ख्रिस्तजन्माचा देखावा, तेच उभारतात. “मावशी, हा भोकाभोकांचा दगड द्या. वाळवतो, चांदीचा रंग मारतो, बेथलेहेमची गुहा तयार! यंदा स्पर्धेत पहिला नंबर आपलाच.”

“ने बाबा, वास तरी जाईल,” सालोमीबाई घाईने म्हणाल्या. घरात एक साक्षीदार उरला होता आणि तो मी होतो.

“नाताळाआधीच्या आगमन काळाच्या पहिल्या रविवारपर्यंत थांबा, मम्मी,” शॅनन मध्येच बोलल्या. “तोवर जिवंत झाला नाही, तर मीच उचलून देईन.”

त्यांनी दातांच्या जुन्या ब्रशने माझ्यावरचा कुजका थर खरवडला, मला निळ्या पिंपात ठेवले, पंप सोडला, उजेडाने नको ते शेवाळ माजू नये म्हणून झाकण घातले.

“दगडाला अंघोळ घालते, आणि माझी गुडघ्याची गोळी विसरते,” सालोमीबाई पुटपुटल्या. मग सहज बोट बुडवून त्यांनी पाणी चाखले. “कुठून आणलंस?”

“नायगावच्या खाडीतून.”

“म्हणूनच! यात अजून पाऊस आहे, खारटपणा कमी पडतोय. माझं माहेर समुद्रकाठचं. होडीवाल्याला सांग, उधाणाला बाहेरचं पाणी आणून दे म्हणावं.”

तसे पाणी आले. ते दर आठवड्यास बदलले जाई. वास उतरला, पण वास नसणे म्हणजे जगणे नव्हे. अंधारात मी अस्वस्थपणे स्वतःलाच चाचपीत असे. आत कोणी उरले आहे काय? पावलांची चाहूल लागली, की वाटे, आग्नेल आले.

एकोणतीस नोव्हेंबर, शनिवार. आग्नेल खरोखरच गोणपाट घेऊन आले. झाकण सालोमीबाईंनी स्वतः काढले. त्याच क्षणी माझ्या एका छिद्रातून कुणा किड्याचा तांदळाच्या दाण्याएवढा लाल पिसारा बाहेर आला. त्यांची सावली पडताच तो आत गेला आणि थोड्या वेळाने भीत भीत पुन्हा उमलला. त्या बराच वेळ वाकून उभ्या होत्या.

“आग्नेल, दुसरा दगड बघ.”

“अहो मावशी, शब्द दिला होतात!”

“दिला होता. पण इथं कोणीतरी राहतंय. ज्या बाळाला धर्मशाळेत जागा मिळाली नाही, त्याचा गोठा तू राहत्याला हाकलून सजवणार?”

आग्नेल यांनी गोणपाटाची घडी घातली.

“शॅनन,” माझ्याकडेच पाहत त्या म्हणाल्या, “लाईट गेली नव्हती. मेन स्विच मी पाडला होता.”

शॅनन यांनी सासूसाठी खुर्ची आणून पिंपाजवळ ठेवली.

वाचकहो, कुलूप लावण्यापूर्वी आत कोण राहिले ते एकदा पाहत जा. मला आणखी काही मागायचे नाही. माझी वस्ती अद्याप एका पिसाऱ्याचीच आहे आणि तो अजून सावलीला दचकतो.

दुसऱ्या दिवशी, तीस नोव्हेंबरच्या रविवारी, दोघी चर्चमधून मिस्सा आटोपून आल्या आणि गॉडफ्रे यांच्या नेहमीच्या वेळी फोन वाजला. दुखऱ्या गुडघ्यांनिशी सालोमीबाई शॅननच्या आधी तेथे पोहोचल्या.