लसणाची तुळई

बाहेर पाडकामावरचे कामकरी जेवायला बसले होते, कुदळी गप्प होत्या, आणि त्या शांततेत गव्हाच्या बशीत टक्कन काहीतरी पडलं.

ओनोरादने वाकून पाहिलं. चुन्याचा खपला. चार डिसेंबरला, संत बार्बच्या दिवशी पेरलेल्या गव्हाला आत्ता कुठे कोंब फुटत होते. नाताळच्या टेबलावर तो हिरवागार दिसला की वर्ष बरं जातं. तिची चार वर्षांची लेक फिनेत त्याला रोज चमच्याने पाणी घालायची. ओनोरादने खपला अलगद उचलला आणि वर बघितलं. छताच्या तुळईशेजारी काल नसलेली चीर होती.

फ्रान्समधल्या आर्ल शहराच्या जुन्या रोमन रिंगणात, कमानींच्या पोटात, पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहत आली होती. आता शहराला ते रिंगण मोकळं हवं होतं, पाहुण्यांना दाखवायला. ज्या दारावर चुन्याची फुली, ते घर दुसऱ्या दिवशी पडायचं. पाडणाऱ्यांत तिचा नवरा तोनिनही होता. त्याचं घर सगळ्यात शेवटी, थंडी सरल्यावर, असा मुकादमाचा शब्द होता.

"उद्या शेजारच्या ब्लाँदिनकाकूंची भिंत," तोनिन पाव मोडत म्हणाला. "आपल्या बाजूची."

"अरे, आपली तुळई त्याच भिंतीत आहे. तिचं टोक काकूंच्या चुलीवर निघतं. लसूण टांगायच्या त्याला. 'तुझं घर माझ्या लसणावर उभंय गं,' म्हणून किती चिडवायच्या मला."

तोनिनचा घास हातातच राहिला. "टेकू देईन खालून."

"मुकादमाला सांग."

"सांगितलं तर आपलंच आधी पाडेल. डिसेंबरात पोरीला घेऊन कुठं जायचं? रोन नदीच्या काठावर?"

"आणि नाही सांगितलं तर?"

तो उठला. स्टुलावर चढून त्याने चिरीत बोट घातलं. अख्खं पेर आत गेलं. खाली उतरून त्याने टोपी घातली आणि बाहेर पडला.

परतला तेव्हा त्याच्या हातात मुकादमाकडचा चुन्याचा ब्रश होता. तिच्याकडे न बघता त्याने स्वतःच्याच दारावर फुली मारली.

ओनोरादने पांघरुणांच्या घड्या घालायला घेतल्या. फिनेतने बशी छातीशी धरली, एकही दाणा सांडू न देता.

"आई, गहू मोठा झाला की कुठल्या टेबलावर ठेवायचा?"