टाचेची साक्ष

यंदाच्या डिसेंबरमधील तिसऱ्या रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, ठाण्यात नौपाड्यातील तानाजीकाकांच्या पादत्राणे दुरुस्तीच्या टपरीवर मला उलटे धरण्यात आले आणि माझा तळ पाहून निकाल देण्यात आला. तो निकाल कळण्याआधी माझी हकीकत ऐका.

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. धावण्याचा, उजव्या पायाचा. माझ्या मालकीणबाई नंदाताई बाळकुमला राहतात आणि नौपाड्यातील एका दवाखान्यात परिचारिका आहेत. गेल्या वर्षी दहा किलोमीटरच्या शर्यतीत सातव्या किलोमीटरला त्यांचा गुडघा दुखावला आणि त्या रिक्षाने घरी परतल्या. यंदा ती शर्यत पुरी करायचीच, हा त्यांचा ध्यास होता. नवरात्राआधी त्यांनी मला काकांकडे नेले. माझी पार झिजलेली टाच पाहून काका म्हणाले, "ताई, धावता की जमिनीशी भांडता?" आणि त्यांनी टाचेखाली नवे रबर बसवले.

घटस्थापनेपासून नऊ दिवस अनवाणी राहायचे, हा नंदाताईंचा टेंभी नाक्याच्या देवीसाठीचा नेम. सराव बुडू नये म्हणून यंदा त्या अनवाणीच धावल्या. दाराशी बसून मी त्यांची परतणारी पावले ऐकत असे. सांगताना संकोच वाटतो, पण खरे तेच सांगितले पाहिजे. माझ्या जाड उशीच्या भरवशावर जो पाय धपाधप आपटत असे, त्याचे पाऊल आता आखूड पडू लागले, हलके टेकू लागले. "प्राची, गार रस्ता कळतो गं तळव्याला! खडी कुठे, माती कुठे, सगळं कळतं," त्या लेकीला सांगत. त्या उघड्या पायाचा मला अभिमानच वाटला.

पाचव्या माळेला मात्र त्या आठ किलोमीटर धावल्या. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या.

"आई, देवीला अनवाणी चालायचं बोललीयेस, मॅरेथॉन नाय!"

"अगं, पाय तयार झालेत माझे."

"पाच दिवसांत? लोणचं पण मुरत नाय!"

सातव्या माळेला फुटक्या बाटलीची काच उजव्या टाचेत रुतली. तीन टाके पडले. नेम मोडायचा नाही म्हणून उरलेले दिवस त्यांनी घरात बसून काढले. पुढे तीन आठवडे मीही जागचा हललो नाही. ती काच माझ्या तळात रुतली असती, तर कुणाच्या डोळ्यांत पाणी आले नसते. त्यासाठीच तर मी आहे. म्हणून, अनवाणी धावणे हा वेडेपणा आहे असे म्हणणाऱ्यांशी माझा वाद आहे. आणि नऊ दिवसांत पाय घडतो असे मानणाऱ्यांशीही आहे.

जखम भरल्यावर नंदाताई रस्त्यावर मला घालून धावू लागल्या; मैदानाच्या गवतावर मात्र रोज दहा मिनिटे मी काठावर बसून पाही आणि त्या अनवाणी धावत. शर्यतीत सातवा किलोमीटर आला, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. पाय हलकाच टेकत राहिला. दहावाही सरला.

मित्रांनो, आम्हाला जपा, पण आमच्या आत राहून तुमचे पाय जे विसरतात, ते स्वच्छ गवतावर त्यांना हळूहळू आठवू द्या.

शर्यतीहून नंदाताई थेट टपरीवर आल्या. काकांनी मला उलटे केले आणि टाचेवरून अंगठा फिरवला. रबर जवळजवळ तसेच होते.

"टाच शाबूत आहे," काका म्हणाले. "आता तुम्ही धावताय, ताई."