गेरू लावलेला पाय

दुष्काळात सोसायटीने माळावर चारा-छावणी उघडली, तेव्हा गेरूचा डबा संचालक बंकटच्या हाती आला. एकच गाय दोघांच्या नावांनी वैरण खाऊ नये म्हणून दाखल झालेल्या प्रत्येक जनावराच्या पुठ्ठ्यावर तो पट्टा ओढी. पट्टा ओढला की घोटाळ्याची शक्यताच संपली, अशी त्याची श्रद्धा होती.

त्या सकाळी त्याच्या बहिणीचा नवरा आश्रुबा पेंढी उचलता उचलता मटकन खाली बसला. उजवा पाय गुडघ्याखाली पांढराफटक पडला होता आणि तापलेल्या मातीवर असूनही गार लागत होता.

“दाजी, उकिरड्यात पाय गाडून बसा घटकाभर,” बंकट म्हणाला. “शेणाची ऊब लई गुणाची.”

“तूच बस मेल्या त्यात!” त्याची बहीण बायनाबाई कडाडली. “पाय बधिर झालाय त्यांचा. टेम्पो काढ!”

उसाचे वाढे उतरवून टेम्पो अंबाजोगाईकडे निघाला. दवाखान्यात भलताच पाय धरतात, असे बंकटने कुठेतरी ऐकले होते. त्यामुळे वाटेतच त्याने डबा उघडला आणि दाजींचा आजारी पाय बोटांपासून गुडघ्यापर्यंत गेरूने माखून काढला.

“हा पाय कोणी रंगवला?” डॉक्टरीणबाईंनी विचारले.

“म्या. तुमची चूक होऊ न्हाई म्हनून.”

पायाचा रंग हा या विकाराचा पहिला पुरावा असतो. बंकटने नेमका तोच झाकला होता. नर्सने पाय धुतला, तेव्हा खालून चुन्यासारखी कातडी निघाली. डाव्या घोट्याशी नाडी लागत होती, उजव्या घोट्याशी नाही.

“हृदयातली गुठळी खाली येऊन रक्तवाहिनीत अडकलीय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “उशीर केला तर पाय जाईल. डाव्या जांघेतून बारीक नळी घालू, पोटातल्या फाट्यावरून उजव्या पायात वळवू आणि गुठळीतच औषध सोडू.”

“डाव्या?” बंकट हताश झाला. “आवो बाई, सगळा डबा रिता केला, तरी दुसराच पाय धरला का तुमी?”

आश्रुबाही अडून बसला. “ह्यो पाय चांगला हाय. एक जायचा तं जाऊ द्या. दुसऱ्याला भोक कावून?”

या युक्तिवादात तर्काची चूक नव्हती, शरीररचनेची होती. बायनाबाईने दोन्ही बाजूला सारले.

“आवं, ल्हानपणी कान टोचले तुमचे, तवा काय ऐकू यायचं बंद झालं? व्हय म्हना गुमान!”

आश्रुबा व्हय म्हणाला. नळी गेली, औषध रात्रभर संथपणे गुठळीत झिरपत राहिले. दुसऱ्या दिवशी एक्स-रेच्या पडद्यावर रक्ताची काळी रेघ घोट्यापर्यंत उतरलेली दिसली. डॉक्टरीणबाई समाधानाने हसल्या. बायनाबाईचा मात्र पडद्यावर विश्वास नव्हता. खाटेशी येऊन तिने उजव्या अंगठ्याला करकचून चिमटा काढला.

“आयोऽऽ! कोन हाय बे रांडंच्या!” आश्रुबा असा गरजला की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

बायनाबाईच्या डोळ्यांना धार लागली.

“द्या, अजून द्या शिव्या,” ती म्हणाली आणि तिने पुढचे बोट धरले.