उजवीकडची खाट

टेलरबाईंची मान उजव्या बाजूला धरली होती, आणि मशीनवरून उठलं की खोली गरगर फिरायची. मोठ्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. मग लेकीने त्यांना कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हातांनी मणके सैल करणाऱ्याकडे नेलं.

"नाव घेतानाच मान लचकायची," बाई पुटपुटल्या.

आता हाडं मोडणार, असं त्यांना वाटलं होतं. त्याने नुसते मणके चाचपले, हलक्या हाताने मान सैल केली आणि विचारलं, "काकू, काम करताना उजवीकडे काय बघता एवढं?"

लेकच बोलली, "तिथे बाबांची खाट होती. सहा वर्षं अंथरुणाला खिळून होते. एकेक टीप संपली की ही मान वळवून विचारायची, 'अहो, आहात ना?' ते म्हणायचे, 'आहे, आहे. शिव तू.' त्यांना जाऊन वर्ष होत आलं, खाटही काढली. हिची मान मात्र अजून वळते."

लेकीला एवढंच माहीत होतं. ते गेले त्या दिवशी शाळेच्या गणवेशांची घाई होती. बाईंनी टिपांवर टिपा मारल्या, मान वर केली नाही. वळून विचारलं तेव्हा उत्तर आलं नाही. ते नेमके कधी गेले, हे बाईंना आजही सांगता येत नव्हतं. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, तशी ती मान तेव्हापासून वळत होती.

"मशीन फिरवा, समोर खिडकी येऊ दे," तो म्हणाला. "मी सैल करायची आणि तुम्ही पुन्हा पिळायची, काय उपयोग?"

लेकीने घरी येताच मशीन फिरवलं. खाटेची जागा आता पाठीमागे गेली. हळूहळू दुखणं ओसरलं, गरगरणं थांबलं. बाई जावयाला टोमणे मारू लागल्या, म्हणजे बऱ्या झाल्याच म्हणायच्या.

एका दुपारी त्यांनी झग्याची शेवटची टीप मारली, धागा दातांनी तोडला आणि त्यांचा हात तिथेच थबकला. सकाळपासून त्यांनी एकदाही मागे बघितलं नव्हतं. पुन्हा तेच झालं होतं.

त्या उठून वळल्या. मान दुखली नाही, चक्कर आली नाही. रिकामी फरशी स्वच्छ दिसली.

"अहो, आहात ना?"

शिव तू, असं कुणी म्हणालं नाही. बाई खाटेच्या जागी बसल्या आणि हमसून हमसून रडल्या.